दोरीच्या काठावरची रोपे

भिवंडीहून वाड्याकडे निघाले की वाटेत अंबाडी नाका लागतो. इथून एक रस्ता वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळतो आणि दुसरा वाड्यावरून पुढे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागाकडे जातो. दिवाळीच्या सुमारास या भागातली भाताची खाचरे पिवळी पडतात. त्यांतल्या मोजक्या खाचरांत कापणीच्या दिवशी कृषी सहायक किंवा तलाठी टेप, दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन हजर होतात. कोणत्या शेतात जायचे हे त्यांच्या मर्जीवर नसते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे आकडे काढून गट नंबर आधीच ठरलेला असतो. शेतात पहिली खुंटी कुठे ठोकायची, तेही आकड्यांवरूनच ठरते. दोरी ताणून आयत आखायचा, त्याच्या आतले भात कापायचे, झोडायचे, वजन करायचे आणि आकडा नोंदवायचा. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. यंदा भात किती पिकले हे सरकारला यावरून कळते आणि पीक विम्याची भरपाई मिळणार की नाही, हेही बऱ्याच अंशी यावरूनच ठरते.

हा प्रयोग बघणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. नेमक्या दोरीखाली आलेल्या रोपाचे काय करायचे? ते आत धरायचे की बाहेर? प्रश्न किरकोळ वाटतो. पण एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने तो गंभीरपणे घेतला आणि त्यातून देशाच्या अन्नधान्याची मोजणी बदलली. पुढे जवळपास हाच प्रश्न त्यांनी माणसाच्या ताटाला लावला. उपाशी कोणाला म्हणायचे, रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण? तिथे मात्र त्यांच्या उत्तरावर देशभर वाद पेटला. हे संख्याशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात बुध या गावचा. खटाव म्हणजे कमी पावसाचा, दुष्काळाची सवय असलेला मुलूख. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणितात पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. आधुनिक संख्याशास्त्र त्या काळात तिथेच घडत होते. एका बाजूला रोनाल्ड फिशर होते. शेतीचे आणि जीवशास्त्राचे प्रयोग कसे आखावेत याचे शास्त्र त्यांनी उभे केले होते. दुसऱ्या बाजूला एगॉन पिअर्सन आणि पोलंडहून आलेले जेर्झी नेमन होते. या दोन गटांचे आपसात इतके बिनसलेले होते की त्या भांडणाच्या कथा संख्याशास्त्राचे विद्यार्थी अजूनही एकमेकांना सांगतात. सुखात्मे नेमन-पिअर्सन यांच्या गटातले. तरीही फिशर यांच्या एका वादग्रस्त कसोटीसाठी लागणारी कोष्टके करण्याचे किचकट काम त्यांनी पार पाडले. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एससी. या लंडन विद्यापीठाच्या दोन्ही पदव्या त्यांना मिळाल्या.

नेमन यांनी १९३४ मध्ये मांडलेली एक कल्पना सुखात्म्यांच्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. भिवंडी तालुक्यातल्या भाताची सरासरी काढायची आहे असे समजा. सगळी शेते कापून मोजणे अशक्य. मग थोडी शेते निवडायची. पण खाडीकाठची जमीन, आतली खाचरे आणि डोंगरउतार यांचे पीक सारखे नसते. म्हणून आधी जमिनीचे असे गट पाडायचे आणि मग प्रत्येक गटातून आकडे काढून शेते निवडायची. ज्या गटात पीक जास्त कमी-अधिक होते तिथे जास्त शेते घ्यायची आणि जिथे सगळीकडे जवळपास सारखेच पिकते तिथे थोडक्यात भागवायचे. पण कुठे किती कमी-अधिक होते हे मोजणीआधी कसे कळणार? ते छोट्या चाचणीवरून अजमावले तर चालेल का, आणि त्यात किती फसगत होईल? तरुण सुखात्म्यांनी १९३५ मध्ये नेमका हा प्रश्न सोडवला. उत्तर दिलासा देणारे होते. चाचणी अगदीच तोकडी नसेल, तर फायदा बहुतेक टिकतो.

मायदेशी परतल्यावरची त्यांची एक आठवण सांगितली जाते. बनारस हिंदू विद्यापीठात जागा मिळेल या आशेने ते पंडित मदनमोहन मालवीय यांना भेटले. मालवीयांनी त्यांच्या विषयाची चौकशी केली आणि या शास्त्राचा देशातल्या गरिबाला उपयोग काय, असे विचारले. लंडनच्या दोन पदव्या असलेल्या तरुणाला त्याचे धड उत्तर देता आले नाही. विषय तिथेच संपला. पण पुढे त्यांनी कामाचे जे विषय निवडले, शेत, मासळी, भूक, ते पाहता हा प्रश्न त्यांना चांगलाच झोंबला असावा.

कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत थोडा काळ शिकवून १९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. तेव्हा देशात किती धान्य पिकते हे कसे ठरत होते? आणेवारीने. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. गावकामगाराने शेताकडे नजर टाकायची आणि यंदा दहा आणे की बारा आणे ते सांगायचे. कमी आणेवारी लागली की शेतसाऱ्यात सूट मिळते हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे नजरेचा अंदाज सहसा खालच्या बाजूलाच झुकायचा. शेत मोजलेले असायचे, साऱ्याचा पैसा न् पैसा मोजलेला असायचा, पण धान्य मात्र डोळ्यांनी जोखलेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि अन्नधान्याच्या भरवशाच्या आकड्यांवाचून कारभार करणे म्हणजे काय, ते देशाने पाहिले.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी आणेवारीच्या जागी मोजणी आणायची ठरवली. चाळिशीच्या दशकात अकोला जिल्ह्यात कापसावर आणि पाठोपाठ गहू-भातावर कापणीचे पाहणी प्रयोग झाले. महसूल आणि शेती खात्याची जी माणसे गावात आधीच आहेत, त्यांच्याकडूनच हे काम करून घ्यायचे असे या दोघांनी ठरवले. यात काटकसर होती आणि पुढची सोयही. पाहणी एकदा करून संपणारी नव्हती, ती दरवर्षी, दर तालुक्यात व्हायला हवी होती.

इथेच त्यांची गाठ पडली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे हे संस्थापक त्या काळात भारतीय संख्याशास्त्राचे सर्वांत मोठे नाव होते. बंगालमध्ये तागाच्या आणि पुढे भाताच्या मोठ्या पाहण्या त्यांनी केल्या होत्या. त्यांची पद्धत वेगळी होती. खास तयार केलेली माणसे गावोगाव फिरवायची आणि शेतात अगदी छोटे तुकडे कापायचे. तुकडा छोटा असला की वेळ कमी लागतो आणि तेवढ्याच पैशांत जास्त शेते होतात. कागदावर हा हिशेब बिनतोड आहे.

सुखात्म्यांनी तो शेतात तपासला. उत्तर प्रदेशात गव्हाच्या एकाच शेतात लहान-मोठ्या आकाराचे तुकडे आखून कापले आणि पूर्ण शेताच्या उताऱ्याशी त्यांची तुलना केली. मोठा तुकडा जवळपास बरोबर उत्तर देत होता. तुकडा जसजसा लहान होत गेला, तसतसे पीक फुगत गेले. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात तर ते खऱ्यापेक्षा ४० टक्क्यांहून अधिक दिसले. हे निष्कर्ष १९४६ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले.

असे का होते? कापणाऱ्याचा हात काठावरचे रोप सोडायला तयार नसतो. भरलेली लोंबी दोरीला टेकलेली असली की ती आत ओढली जाते. यात कोणाची लबाडी नसते, ती माणसाच्या हाताची सवय असते. समजा, अशा सवयीने कापणारा सगळीकडून चार बोटे, म्हणजे आठ सेंटिमीटर, जास्त कापतो. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आयतात या चार बोटांनी क्षेत्र जेमतेम पाच टक्के वाढते. पण ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात तेवढीच चार बोटे क्षेत्र २८ टक्क्यांनी वाढवतात. तुकडा लहान असला की त्यात आतली जागा थोडी आणि काठच जास्त असतो. अशी हजार वर्तुळे कापली तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला झुकते. इकडची-तिकडची चूक सरासरीत विरून जाते, पण एका बाजूला झुकणारी चूक जास्त मोजल्याने जात नाही. उलट, मोजणाऱ्याचा चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो. आकडेवारीच्या साध्या पुस्तकांत हे क्वचितच ठसवून सांगितले जाते, पण रक्तदाब, साखर किंवा बाळाचे वजन मोजणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असायला हवे. दांडी मारलेल्या काट्यावर दहादा वजन करून काही निष्पन्न होत नाही.

महालनोबिस यांचे म्हणणे होते की माणसे नीट तयार केली तर छोट्या तुकड्यांतही ही चूक टाळता येते. वाद कडवट झाला, दोन संस्थांत अंतर पडले. अखेर देशाच्या बहुतेक भागात पिकांच्या मोजणीसाठी सुखात्मे-पानसे यांची मोठ्या तुकड्यांची पद्धत रुळली. मोठ्या देशव्यापी नमुना पाहण्यांचे श्रेय मात्र महालनोबिस यांचे आहे, हे इथे सांगायलाच हवे. नमुना पाहणीच्या शास्त्रावरचे सुखात्म्यांचे पुस्तक १९५४ मध्ये आले. शेतीतल्या प्रयोगांवरचे पानसे-सुखात्मे यांचे पुस्तकही त्याच वर्षीचे, आणि ते कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. मलबारच्या किनाऱ्यावर याच जोडीने मासळीची मोजणी बसवली. समुद्रात जाऊन मासे मोजता येत नाहीत, म्हणून कोणत्या बंदरावर, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी होड्या लागतील तेव्हा मोजायचे, याची निवड आकड्यांवर सोपवली. डहाणू-वसईच्या बंदरांवर पहाटे चाललेली गडबड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही मोजणी किती अवघड आहे हे सांगावे लागणार नाही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि जवळजवळ वीस वर्षे तिथल्या सांख्यिकी विभागाचे संचालक राहिले. भूक हा त्यांचा विषय झाला तो इथे. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली असल्याचे सांगितले होते. हा आकडा जगभर भाषणांतून फिरत होता. सुखात्म्यांना तो कसा काढला हे हवे होते.

हिशेब साधारण असा केला जायचा. एका देशात माणशी सरासरी गरज अमुक कॅलरींची, मिळतात त्याहून कमी, म्हणून तो देश भुकेला. हे म्हणजे शाळेतल्या मुलांची सरासरी उंची काढून तिच्याखालच्या सगळ्यांना खुजे ठरवण्यासारखे झाले. सरासरीच्या खाली साधारण निम्मी माणसे असणारच. सरासरी आहार पुरेसा असलेल्या देशातही काही घरे उपाशी असू शकतात, आणि सरासरीहून कमी खाणारा एखादा लहानखुरा, बैठे काम करणारा माणूस ठणठणीत असू शकतो. सुखात्म्यांनी सरासरी सोडली आणि पसारा धरला. लोक किती वेगवेगळे खातात आणि त्यांच्या गरजा किती वेगवेगळ्या असतात, हे दोन्ही एकत्र मांडले. ज्याचा आहार इतका खाली आहे की तेवढ्यावर निरोगी माणसाचे भागणे जवळजवळ अशक्य, त्यालाच अर्धपोटी म्हणायचे.

१९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी हा निबंध वाचला. जगातली १० ते १५ टक्के माणसे अर्धपोटी आहेत आणि अर्धपोटी किंवा कुपोषित अशी एकत्र संख्या निम्म्यापर्यंत जाते, असा त्यांचा अंदाज होता. आकडा खाली आला म्हणून काहींना तो गैरसोयीचा वाटला. पण आता तो कसा आला हे कोणालाही तपासता येत होते. सोसायटीने १९६३ मध्ये त्यांना गाय रौप्यपदक दिले. अन्न व कृषी संघटना दरवर्षी जगातल्या अर्धपोटी माणसांची जी संख्या जाहीर करते, तिच्यामागची पद्धत याच निबंधातून वाढलेली आहे.

त्याच दशकात प्रथिनांचा गजर सुरू झाला. गरीब देशांतली मुले प्रथिनांअभावी खुरटत आहेत, जगात प्रथिनांची मोठी तूट आहे, असे संयुक्त राष्ट्रांचे अहवाल सांगू लागले. माशांचे पीठ, खनिज तेलावर वाढवलेल्या सूक्ष्मजीवांपासून केलेली प्रथिने असे नाना उपाय पुढे आले आणि त्यांमागे पैसाही उभा राहिला. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराच्या पाहण्या काढल्या आणि प्रथिने व कॅलरी वेगवेगळ्या न मोजता एकाच माणसाच्या ताटात एकत्र मोजल्या. प्रथिने कमी पण कॅलरी पुरेशा, अशी माणसे त्यांना फारशी सापडलीच नाहीत. ज्यांना प्रथिने कमी पडत होती, त्यांना मुळात अन्नच कमी पडत होते.

घरच्या ताटावरही हे पाहता येते. तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला १५० ग्रॅम तांदळाचा भात आणि ३० ग्रॅम डाळीचे वरण गेले, तर त्यातून १७-१८ ग्रॅम प्रथिने मिळतात. या वयाची गरज साधारण १२-१३ ग्रॅमची, म्हणजे कागदावर प्रथिने पुरून उरतात. पण कॅलरी जेमतेम ६३० होतात आणि गरज असते सुमारे १,१०० ची. शरीर अशा वेळी प्रथिनेच जाळून ऊर्जा काढते. चुलीत लाकूड नसले की घरातली खुर्ची जाळावी, तसे. वरून प्रथिनांची पूड दिली तर तीही चुलीतच जाते. या मुलाला वाटीभर जास्त वरणभात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, एखादे केळे, हे जास्त उपयोगाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी मुलांना तपासून याच निष्कर्षाला आले होते. १९७० च्या दशकात आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समित्यांनी प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले आणि 'लॅन्सेट'मधल्या एका गाजलेल्या लेखाने या सगळ्या प्रकरणाला प्रथिनांची महाफजिती ठरवले. आज प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिराती पुन्हा घराघरांत पोहोचल्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

इथपर्यंत सुखात्मे आणि गोपालन एकाच बाजूला होते. पुढे वाटा फुटल्या.

रोमहून निवृत्त झाल्यावर सुखात्मे काही काळ कॅलिफोर्नियात बर्कले विद्यापीठात होते. तिथे शेल्डन मार्गेन हे पोषणतज्ज्ञ निरोगी तरुणांना दिवसेंदिवस नेमके मोजलेले अन्न देऊन त्यांच्या शरीरातून किती नायट्रोजन बाहेर पडतो हे मोजत होते. अन्न तेच, माणूस तोच, तरी आकडा रोज वेगळा यायचा. बाकीच्यांनी ही चढउतार मोजणीतली चूक मानून सरासरी काढली असती. सुखात्म्यांनी ती चढउतारच तपासायला घेतली. आजचा आकडा कालच्या आकड्याशी बांधलेला आहे, म्हणजे हा निव्वळ गोंधळ नाही, शरीर स्वतःला सावरून घेत आहे, असा अर्थ त्यांनी लावला. ब्रिटिश सैन्यातल्या जवानांच्या आहाराच्या जुन्या नोंदींतही एकच माणूस एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्यात बेताचे खाताना दिसत होता. यातून १९७८ ते १९८२ या काळात सुखात्मे-मार्गेन सिद्धांत उभा राहिला. माणसाची गरज हा एक ठाम आकडा नसून पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यात शरीर कमी अन्नातही कार्यक्षमता वाढवून आपला तोल राखते, हा त्याचा गाभा. पट्ट्याची खालची कड त्यांनी सरासरी गरजेच्या सुमारे ७० टक्क्यांवर धरली. तिच्याखाली गेलेलाच खरा उपाशी.

यात काय दडले होते ते लगेच लक्षात आले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरमाणशी रोज २,२५० कॅलरींचा निकष लावून दाखवले होते की १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातल्या सुमारे ४० टक्के आणि शहरांतल्या सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही परवडत नव्हते. देशातल्या गरिबीची चर्चा या आकड्यांभोवती फिरत होती. रेषा सरासरीवरून ७० टक्क्यांवर आणली की कोट्यवधी माणसे एका झटक्यात भुकेल्यांच्या यादीतून बाहेर पडतात. त्यांच्या घरात दाणाही वाढलेला नसतो.

दांडेकरांनी १९८१ मध्ये नेमके तर्कावर बोट ठेवले. दोघेही पुणेकर, दोघेही आकड्यांतले मुरब्बी, त्यामुळे हा वाद वाचण्यासारखा आहे. एकेका माणसाची गरज कमी-जास्त असते हे दांडेकरांना मान्यच होते. पण गरीब घरांचा सबंध गटच जेव्हा सरासरी गरजेच्या खाली खातो, तेव्हा त्या गटातल्या माणसांच्या गरजाच योगायोगाने कमी आहेत असे कसे मानायचे? बर्कलेच्या तरुणाने या आठवड्यात कमी खाल्ले तर पुढच्या आठवड्यात तो जास्त खातो. मजुराच्या घरी पुढचा आठवडाही तसाच असतो. गोपालन यांचा आक्षेप वैद्यकातला होता. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते खरे, पण त्याची किंमत मोजून. मूल वाढायचे थांबते, मोठा माणूस हालचाल आणि काम कमी करतो. लहान चणीचे पण निरोगी, असे म्हणून गरिबांची खुरटलेली वाढ खपवून घेऊ नये, असे ते सतत सांगत राहिले. ही लहान चणीची कल्पना डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने मांडलेली होती, पण टीकेत ती आणि सुखात्म्यांचा सिद्धांत एकत्रच झोडपले गेले. टी. एन. श्रीनिवासन यांच्यासारखे नामवंत अर्थशास्त्रज्ञ सुखात्म्यांच्या बाजूनेही उभे राहिले.

चाळीसेक वर्षांनंतर पाहता, शरीर आपली ऊर्जेची गरज एवढ्या मोठ्या प्रमाणात फुकटात कमी करू शकते या दाव्याला पुराव्याचा आधार मिळाला नाही. मोजक्या निरोगी तरुणांच्या मोजक्या दिवसांच्या नोंदींवरून कोट्यवधी अर्धपोटी माणसांबद्दल बोलणे, हे दोरीच्या काठावरचे रोप आत ओढण्यासारखेच होते. ज्या माणसाने एका बाजूला झुकणाऱ्या चुकीबद्दल सगळ्यांना सावध केले, त्याच्या हातूनच असे व्हावे याचे नवल वाटते. पण भुकेचा हिशेब सरासरीवर करू नका, पसारा बघा, हा त्यांचा मूळ आग्रह कोणालाही खोडता आला नाही. आजच्या पद्धतीत खालची कड माणसाच्या उंचीला साजेशा किमान निरोगी वजनावरून आणि हलक्या कामावरून ठरते, पण कड आणि पसारा या दोन्ही कल्पना त्यांच्याच आहेत.

या वादाच्या धुरळ्यात त्यांचे दुसरे म्हणणे काहीसे हरवले. पुण्यात परतल्यावर महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम करताना ते घाण पाणी, हगवण आणि जंतांबद्दल सतत बोलत. पोटात गेलेले अन्न अंगी लागत नसेल, तर जास्त वाढून भागणार नाही. गळका हंडा भरत राहण्यापेक्षा आधी भोक बुजवा. नळाचे स्वच्छ पाणी, संडास, हात धुणे यांवरचा खर्च हा पोषणावरचाच खर्च आहे, असे ते धोरणकर्त्यांना पटवू पाहत. तेव्हा हे ऐकणाऱ्यांपैकी काहींना तो अन्नाचा प्रश्न टाळण्याचा मार्ग वाटला. आज मात्र बालकुपोषणाच्या कोणत्याही कार्यक्रमात अन्न, आजार आणि पाणी ही तिन्ही एकत्र घेतली जातात.

भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले. १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याआधी काही वर्षे, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, अंबाडीहून पुढे जाणाऱ्या त्याच रस्त्याच्या टोकाला जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषित आदिवासी मुले दगावली आणि ठाणे जिल्ह्याचे नाव देशभर गाजले.

अंबाडी परिसरातल्या अंगणवाड्यांतही आता दर महिन्याला मुलांची वजने होतात. तक्त्यावर निरोगी मुलांच्या पसाऱ्यावरून आखलेल्या रेषा असतात. मधली रेषा सरासरीची, खालच्या दोन तिच्यापासून ठरावीक अंतरावरच्या. सरासरीच्या जरा खाली असलेल्या मुलाला कोणी कुपोषित म्हणत नाही, पहिल्या खालच्या रेषेखाली गेलेल्याला कमी वजनाचे आणि त्याहून खालच्याला तीव्र कमी वजनाचे म्हणतात. निरोगी मुलांतही शंभरातली दोनेक मुले पहिल्या रेषेखाली सापडतातच. पण एखाद्या पाड्यावर शंभरातली तीस-चाळीस तिथे सापडली, तर प्रत्येकाची चणच लहान आहे असे म्हणून भागत नाही. तिथे ताट, पाणी आणि आजार, तिन्ही पाहावे लागतात. त्याआधी सेविकेला एवढेच बघायचे असते की काटा शून्यावर आहे, आणि रेषेच्या काठावरच्या मुलाचे वजन सवयीने शंभर ग्रॅम वर लिहिले गेलेले नाही.